माकडताप : मजुराच्या मरणाची नोंद कोण घेणार?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर नावाचे गाव आहे. २०१६ च्या जानेवारी महिन्यात या गावाच्या आसपास माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली. डोके फुटेल असे दुखणे, अंग ठेचून काढल्यासारखे होणे, कोणाच्या नाकातून तर कोणाच्या हिरड्यांतून रक्त येणे. तापाच्या नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडेना. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि निदान आले, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील एका जंगलाचे नाव लागलेला हा रोग साथीच्या रूपाने महाराष्ट्रात प्रथमच उतरला होता. त्या पहिल्याच मोसमात शंभरावर रुग्ण निघाले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात तो पोहोचला. त्याआधी २०१५ मध्ये शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यातील पाली गावात त्याने बळी घेतले होते.

लोकांनी त्याला माकडताप म्हटले. वर्तमानपत्रांनी तेच नाव उचलले आणि सरकारी कागदांवरही ते रूढ झाले. नाव सोपे आहे, पण त्यामुळे सारा दोष माकडावर जातो आणि खरा प्रश्न झाकला जातो. माकड हा रोग माणसाला देत नाही. ते बिचारे या रोगाने माणसाआधी मरते. रोग देते ती गोचीड. आणि ती चावते कोणाला, कोणते काम करताना, कोणाच्या जमिनीवर, हा आमचा प्रश्न आहे. या प्रश्नाकडे ना आरोग्य खाते वळले, ना कामगार खाते, ना आमच्या चळवळीचे लक्ष पुरेसे गेले.

आधी रोगाची चाल समजून घेऊ, कारण पुढचा कायद्याचा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. ही गोचीड तीन वेळा रक्त पिते. अंड्यातून अळी निघते, अळीची बालगोचीड होते, बालगोचिडीची पूर्ण वाढलेली गोचीड होते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिला नव्या प्राण्याचे रक्त लागते. लहानपणी ती उंदीर, चिचुंद्री, पाखरे, माकडे यांच्या अंगावर चढते. मोठी झाली की गाई-म्हशींसारख्या मोठ्या जनावरांवर. माणसाला चावते ती प्रामुख्याने बालगोचीड. ती तिळाएवढी, कधी त्याहून लहान. अंगावर चढलेली कळत नाही आणि चावलेलीही कळत नाही. पावसाळा संपला, पाने गळली, जमीन पाल्याने झाकली, की डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिचा हंगाम. माकड किंवा वानर या विषाणूने मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या झाडाखालची जमीन विषारी होते. त्या पाल्यात जो बसेल, हात घालील, अनवाणी चालेल, त्याला त्या चिकटतात. गाई-म्हशींना हा रोग होत नाही, परंतु त्यांच्या रक्तावर गोचिडींचे पीक वाढते आणि चरून परतणाऱ्या गुरांबरोबर ते गावाच्या वेशीपर्यंत येते. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. म्हणजेच रुग्णाला वाळीत टाकण्याचे, त्याच्या घरचे पाणी नाकारण्याचे काहीही कारण नाही. आमच्या समाजाला हे वेगळे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगतो.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो. काहींना पहिला ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, या वेळी मान आखडते, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूला मारणारे ठरलेले औषध नाही. सलाईन, रक्तस्राव आटोक्यात ठेवणे, लक्ष ठेवणे हाच उपचार. बाकीचे वाचतात, परंतु अशक्तपणा आठवडेच्या आठवडे जात नाही. पगारी नोकराला ही वैद्यकीय रजा असते. मजुराचा तो अख्खा मोसम बुडालेला असतो.

आता हा रोग नव्या प्रदेशात येतो कसा, ते पाहू. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरताना दिसली. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती वाटून पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ धावले. निघाला वेगळाच विषाणू, रशियाच्या जंगलातील गोचीड-मेंदूज्वराच्या कुळातला. पुढची पंधरा वर्षे तो सागर, सोरब, शिकारीपूर या भागांतच घुटमळत होता. १९७२ नंतर तो उत्तर कन्नडकडे सरकला. आणि १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात त्याचा भडका उडाला. दीड हजारांवर रुग्ण. तेथे काय घडले होते? काजूची लागवड करण्यासाठी शेकडो हेक्टर जुने जंगल एका दमात साफ करण्यात आले होते. पहिल्यांदा आजारी पडले ते त्या तोडीवरचे मजूर.

मार्क निश्टर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने त्या साथीवर १९८७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्याने या रोगाला ‘विकासाचा रोग’ म्हटले आहे. त्या भागातील गोरगरिबांना वाटत होते की जंगल तोडल्यामुळे तेथील भूत-दैवतांचा कोप झाला. आम्ही बुद्धिवादी माणसे. कोप वगैरे आम्ही मानीत नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जंगल तोडल्यामुळे हे झाले, एवढे तरी त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या मजुरांनी बरोबर ओळखले होते. त्यांनी पत्ता चुकीचा लिहिला, दैवताचा. तो लागवडीचा आदेश काढणाऱ्यांचा होता.

हे शास्त्रालाही नवे नाही. होर्हे बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवले होते की जंगलात घुसलेली शेती, तोडलेली झाडे आणि कडेला चरणारी गुरे यांनी हा रोग पोसला आहे. घनदाट, सलग जंगल हे या गोचिडीचे सर्वांत लाडके घर नव्हे. तुकडे पडलेले जंगल, त्यात घुसलेली बाग, बागेच्या कडेला घाणेरीची झुडपे, झुडपांत उंदीर, कडेने चरणारी गाय आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारे माणूस, हे तिचे घर. सह्याद्रीत गेल्या अर्धशतकात आपण हेच घर मैलोन्‌मैल बांधून दिले.

आता पुढच्या ठिकाणांची यादी वाचा आणि प्रत्येक ठिकाणी पहिला रुग्ण कोण ते पाहा. २०१२ च्या अखेरीस चामराजनगर जिल्ह्यात, बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात, आजारी पडले ते मेलेली माकडे हाताळून जाळणारे वनखात्याचे मजूर. २०१४ मध्ये केरळातील मलप्पुरमच्या जंगलातील आदिवासी वस्ती. २०१५ मध्ये वायनाडमध्ये शंभराच्या आसपास रुग्ण, त्यांत मोठा भरणा काट्टुनायकन, पणिया अशा आदिवासींचा. हे लोक मध, सरपण आणि वनोपज आणायला जंगलात जाणारे. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत काजू वेचणारे. २०१६ मध्ये दोडामार्गात पुन्हा काजू आणि सरपण. २०१९ मध्ये रोग शिमोगा जिल्ह्यात परत उसळला तो सागर तालुक्यातील अरलगोडू गावात, शरावतीच्या खोऱ्यात, जेथे वीजप्रकल्पाच्या धरणाने एकेकाळी हजारो कुटुंबे उठवली होती.

रोग जात पाहत नाही, असे डॉक्टर मंडळी आम्हाला ऐकवतात. गोचीड जात पाहत नाही हे खरेच आहे. सत्तरीत आणि दोडामार्गात स्वतःच्या चार झाडांचा काजू स्वतः वेचणारा मराठा, धनगर किंवा भंडारी शेतकरीही मेला आहे, त्याचेही दुःख आम्हाला आहे. परंतु पाल्यात हात कोण घालतो हे मात्र जमीन ठरवते आणि जमीन कोणाच्या नावे हे या देशात जातीने ठरवले आहे. कोकणातल्या या दुखण्यावर बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडून बोट ठेवले होते. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे तो काजूबी विकतो. ज्याचे नाव नाही तो वाकून ती वेचतो.

काजूचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडू देतात. पडलेली बोंडे सकाळी लवकर पाल्यातून वेचायची, ढीग करायचा, ढिगाशी बसून बोंडापासून बी पिळून वेगळी करायची. गोव्यात बोंडे पुढे भट्टीकडे जातात, फेणीसाठी. हे काम फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे. बालगोचिडीचा हंगाम आणि काजूचा हंगाम तंतोतंत एकावर एक बसतात. काम बहुतांशी बायकांचे. पायात फार तर स्लीपर, अंगावर गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे किंवा साडी. आरोग्य खाते सांगते, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गमबूट घाला, अंगाला डीएमपी किंवा डेपा तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. सल्ला बरोबर आहे आणि तो पाळावाच. परंतु ते बूट, ते तेल देण्याची जबाबदारी कोणाची, हे पत्रकावर लिहिलेले नसते. एप्रिलच्या उन्हात रोजंदारीवरच्या बाईने गमबूट विकत घेऊन घालावेत ही अपेक्षा ज्या टेबलावर लिहिली गेली, त्या टेबलावर पंखा चालू असावा.

दोडामार्गचा इतिहासही ध्यानात घ्या. तिलारी धरणाने गावे उठवली. धरणाच्या आजूबाजूचे डोंगर रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी घेतले गेले, उभी झाडे आडवी झाली. इतकी, की २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली, आणि २०२४ मध्ये तेथील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा असा आदेश द्यावा लागला. ही न्यायालयीन लढाई पर्यावरणवाद्यांनी लढली, तिचे श्रेय त्यांचे. परंतु त्या सगळ्या चर्चेत वाघाचा भ्रमणमार्ग होता, हत्ती होता, मजूर फारसा कोठे नव्हता.

हत्तीचा विषय निघालाच आहे तर ऐका. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात येतात. माड पाडला, केळी तुडवली की वनखात्याचा माणूस पंचनामा करतो, भरपाई मिळते. कमी मिळते, उशिरा मिळते, पण हक्क मान्य आहे. वाघ, बिबट्या, हत्ती, रानडुक्कर यांच्या हल्ल्यात माणूस मेला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. ते योग्यच आहे. त्याच जंगलात, त्याच वाटेवर, तिळाएवढ्या गोचिडीने माणूस मेला तर त्या यादीत तिचे नाव नाही. चार पायांच्या जनावराने मारले तर वारसाला भरपाई आणि आठ पायांच्या किड्याने मारले तर नशीब!

आम्ही वकिली करतो म्हणून एक अनुभव सांगतो. दोडामार्गकडच्या एका कुटुंबाने काही कागद आमच्याकडे आणले. घरातील कर्ती बाई काजूच्या मोसमात तापाने गेली होती. एका रुग्णालयाचा केसपेपर होता. त्यावर नाव होते, वय होते, गाव होते, आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिले होते, ‘गृहिणी’. ही बाई वर्षातले चार महिने दुसऱ्याच्या बागेत काजू वेचत होती, उरलेले महिने भातलावणी आणि कापणी. त्या एका शब्दाने बागमालक सुटला, कंत्राटदार सुटला, सरकार सुटले. लिहिणाऱ्याने ते दुष्टपणाने लिहिले असे आम्ही म्हणत नाही. बाई म्हटली की गृहिणी, हे त्याच्या हाताला सवयीचे झालेले आहे. पण न्यायालयात तो कागद पुरावा म्हणून उभा राहतो आणि मेलेली बाई उलट उत्तर द्यायला येत नाही.

येथे कायद्याचा मुद्दा येतो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याचे नाव २००९ च्या दुरुस्तीने कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी होती. त्या यादीच्या ‘अ’ भागातील पहिलीच नोंद अशी की, ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या कामातून जडलेले संसर्गजन्य व परोपजीवी रोग. त्याखाली रुग्णालयातील काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे व त्यांची मढी हाताळण्याचे काम आणि शेवटी ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’ अशी पोटकलमे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. कामगार संहितांवर आमचे अनेक आक्षेप आहेत, ते आम्ही अन्यत्र मांडू. परंतु व्यावसायिक रोगांची ही यादी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत कायम आहे आणि बागायत व वनकाम हेही संरक्षित कामांत आहे.

याचा अर्थ काय? ‘अ’ भागातील रोग त्या कामात जडला की तो कामावरचा अपघात मानला जातो. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. सामान्य दाव्यात मजुराला सगळे सिद्ध करावे लागते. येथे पारडे थोडे तरी मजुराकडे झुकते. रक्कमही किरकोळ नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय ४० असेल तर गुणक १८४.१७. महिन्याला १०,००० रुपये मजुरी धरली तरी ५,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ९,२०,८५० रुपये होतात. आमच्या किती कार्यकर्त्यांना हा हिशेब ठाऊक आहे? अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे आमच्या पोरांना तोंडपाठ असतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. कामगार कायद्याचे पुस्तक मात्र आमच्या कपाटात कोरे राहते.

काजूबाग हे ‘विशेष धोक्याचे काम’ आहे हे कसे दाखवायचे, असे मालकाचे वकील विचारतील. उत्तर सरकारच्याच घरात आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्यातील या साथीवर २०१७ मध्ये शोधनिबंध छापला आणि त्याच्या शीर्षकातच काजू कामगारांचा हा ‘व्यावसायिक’ संसर्ग आहे असे म्हटले. सरकारी शास्त्रज्ञ ज्याला व्यावसायिक म्हणतो त्याला सरकारी कामगार अधिकारी व्यावसायिक म्हणायला का कचरतो?

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. पहिली, मालक कोण? गोव्यात वनविकास महामंडळाच्या मोठ्या काजूबागा आहेत, त्यांचे पीक लिलावाने दिले जाते. लिलाव घेणारा माणसे लावतो. कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, हे तत्त्व १९२३ पासून कायद्यात आहे. पण महामंडळ म्हणेल, हा कंत्राटदार नव्हे, आमचा खरेदीदार आहे, त्याने पीक विकत घेतले, मजूर त्याचे. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. जमीन सरकारची, झाड सरकारचे, धोका ठाऊक असलेलेही सरकारच. पण तो लढूनच मोडावा लागेल. दुसरी अडचण हजेरीची. मस्टर नसते, मजुरी हातात मिळते. तेव्हा शेजारणीची साक्ष, दुकानदाराची उधारीची वही, मुकादमाच्या फोनवरचा निरोप, जे मिळेल ते जपले पाहिजे. तिसरी, मुदत. दावा दोन वर्षांच्या आत लागतो. बाहेरगावचा मजूर असेल तर त्याला किंवा त्याच्या वारसाला तो जेथे राहतो तेथेही दावा लावता येतो, ही सोय कामाची आहे.

आता लसीकडे येतो. कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवून फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची जुनी लस कर्नाटकात बनत होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी, त्यानंतर वर्षावर्षाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतल्यावर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळे. टोचल्यावर दंड फार दुखे, मजुरी बुडे, म्हणून लोक दुसऱ्या मात्रेला येत नसत. पुढे लसीची ताकदच घटल्याचे दिसून आले आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने हे लसीकरण थांबवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीबरोबर नव्या लसीचे काम हाती घेतले आहे, ते लवकर तडीस जावो.

पण तुलना केल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या याच संस्थेने १९५७ मध्ये माकडतापाचा विषाणू वेगळा केला. पुण्याच्या याच संस्थेने २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा करून दिला आणि वर्षाच्या आत त्याची देशी लस तयार झाली. १६ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरण सुरू झाले. कोरोना विमानाने आला होता, बंगल्यात शिरला होता, शेअर बाजार पाडत होता. माकडतापाला चांगली लस मिळायला सात दशके पुरत नाहीत. या कामात शास्त्रीय अडचणी नव्हत्या असे नाही. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहिली, ती चालली नाही. शास्त्रज्ञांना आम्ही दोष देत नाही. पैसा कोणत्या रोगाकडे वळवायचा हे शास्त्रज्ञ ठरवीत नाहीत.

मेलेल्या माकडाचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. माकड मेलेले दिसले की कळवा, हात लावू नका, त्या जागेभोवती मॅलाथिऑनची भुकटी टाकली जाईल, असे प्रशासन सांगते. बरोबर आहे. परंतु ते मढे शेवटी उचलतो कोण? गावात असे काम निघाले की कोणाच्या दारात निरोप येतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडा असे बजावले. आज हे काम मानहानीचे तर आहेच, जिवावरचेही आहे; बंदीपूरच्या मजुरांनी ते भोगले. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मेलेल्या जनावराची विल्हेवाट लावायला किंवा मढे वाहून न्यायला लावणे हा २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आय) खाली गुन्हा झाला आहे. ही दुरुस्ती अमलात आली २६ जानेवारी २०१६ ला, केरमध्ये माकडे मरत होती त्याच महिन्यात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या शिपायाने किंवा पोलीस पाटलाने ‘जरा ते माकड उचलून टाक’ म्हटले तर सरळ नकार द्या. ते काम प्रशिक्षित आणि संपूर्ण अंगरक्षक पोशाख घातलेल्या कर्मचाऱ्यांचे आहे. आणि आमच्या काही बांधवांना अजून हनुमानाचे वेड आहे, वानर मेले की हळद-कुंकू, हार, मिरवणूक. श्रद्धेचा वाद बाजूला ठेवा. त्या मढ्याला हात लावणारा गोचिडी घरी घेऊन जाईल.

गोचिडीचा आणखी एक विषाणू आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबला आहे, त्याचाही उल्लेख करतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात, क्रिमियन काँगो रक्तस्रावी तापाचा भारतातील पहिला उद्रेक झाला. एक बाई दगावली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दगावले. ही गोचीड गुराढोरांवरची, वेगळ्या जातीची, आणि हा ताप मात्र रुग्णाच्या रक्तातून माणसापासून माणसाला होतो. म्हणून त्यात गुराखी, मेंढपाळ, खाटीक यांच्याबरोबर रुग्णालयातील माणसे सापडतात. गुजरातची सीमा लागून असल्याने २०२० च्या सप्टेंबरात पालघर जिल्हा प्रशासनाने दक्षतेचा इशारा दिला होता. रुग्णालयात डॉक्टरला हातमोजे मिळतील, नर्सला मिळतील. रक्ताने भरलेली चादर उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला मिळतात का, हे प्रत्येक तालुक्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. सफाईच्या त्या रांगेत कोणत्या आडनावांची माणसे उभी असतात ते तेथे गेल्यावर दिसेलच.

पुढचा मोसम डिसेंबरला सुरू होईल. दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी भागातील कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की त्याआधी ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत. काजूबागेच्या मालकाने व लिलावदाराने मजुरांना बूट व तेल द्यावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने तापाच्या प्रत्येक रुग्णाचा व्यवसाय व कामाची जागा केसपेपरवर लिहावी. रुग्णाबरोबर गेलेल्या माणसाने केसपेपर हातात आल्याबरोबर तो रकाना वाचावा. चुकीचे लिहिले असेल तर तेथेच, खिडकीवरच, दुरुस्त करून घ्यावे. ‘काजूबाग मजूर’ एवढे दोन शब्द पुरेत. कागदाची झेरॉक्स आणि रक्ततपासणीचा अहवाल सांभाळून ठेवावा. दावा लढवायला पैसे नाहीत असे कोणी म्हणत असेल तर आमच्यासारखे वकील प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांना हक्काने गाठावे.